आधी पाहा, मग पुसा

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या संगणक-प्रणालीचा पाया घातला. त्याच धर्तीची ‘लिनक्स’ आज फुकट मिळते. तिच्यात चित्रावर बोट न ठेवता आज्ञा टाइप करूनही काम होते.

गुरुजी, बिचकू नका. आधी तीनच आज्ञा शिका. ‘पीडब्ल्यूडी’ म्हटले की आपल्याला बांधकाम खाते आठवते. इथे तिचा अर्थ, मी कुठे उभा आहे? ‘एलएस’ म्हणजे इथे काय काय आहे? ‘सीडी’ म्हणजे दुसऱ्या कप्प्यात चला.

चौथी आज्ञा ‘आरएम’, पुसून टाकणारी. हा गडी भलता आज्ञाधारक! “नक्की पुसू ना?” असे तो सहसा विचारीत नाही, “झाले” असेही सांगत नाही. एका चुकीच्या अक्षराने वर्षभराचे गुणपत्रक जाईल. परत काढायला कचरापेटीही नसते. म्हणून ‘आरएम’पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि ‘आय’ लिहा. मग तो प्रत्येक वेळी विचारील.

खुरपे चालविण्याआधी तण कोणते, रोप कोणते, हे आपण पाहतोच ना? इथेही तेच करायचे.