उघडलेला खोका

बेळगावच्या एखाद्या गृहिणीने मोबाइलवरून मिक्सर मागवावा, खोका उघडावा, आणि भांड्याला तडा आढळावा. विक्रेता म्हणतो, ‘खोका उघडला, आता माल परत नाही.’ हे वाक्य बिलावर छापले की त्याचा कायदा होतो, अशी काही व्यापाऱ्यांची समजूत दिसते! न पाहता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो पत्करला असे होत नाही, हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यातच आहे. आणि खोका न उघडता मिक्सर तपासावा तरी कसा? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही सदोष, बनावट किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. केवळ रंग पसंत पडला नाही, एवढ्यावर मात्र हा हक्क सांगता येत नाही. तेथे विक्रेत्याच्या अटी पाहाव्या लागतात. दोष दिसताच लेखी कळवावे, बिल व छायाचित्रे जपावीत. फार काळ स्वस्थ राहिल्यास माल पत्करला असे धरले जाते. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे. शिवाय विक्रेता दिल्लीचा असला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये त्या गृहिणीला बेळगावच्याच जिल्हा आयोगापुढे तक्रार दाखल करता येते.