‘मी’ म्हणजे नक्की कोण?

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे ‘मी’ म्हणूनच बोलतात. पुस्तकात वर नाव दिसतं. कानाला कसं कळणार?

आजीला आता वाचता येत नाही, म्हणून मी फोनवर रेकॉर्ड करून द्यायला लागलो. वाचायचो मात्र ऑफिसच्या स्टँडअपमध्ये अपडेट द्यावा तसं! ती म्हणाली, “अरे, हा कर्ण बोलतोय की शोण?” मग कुंतीसाठी बायकी आवाज काढला. तर म्हणे, “नाटक नको रे, हसू येतं.” शेवटी कुंती सावकाश वाचली, दुर्योधन जरा तोडून, आणि माणूस बदलला की चार सेकंद गप्प. (ऑडिओबुक दीडपट वेगात ऐकायची माझी सवय तेव्हाच सुटली.) आता आजी एवढंच विचारते, “पुढचं कधी देतोस?”