श्रावणातल्या चार चौकटी



दरवर्षी या व्यासपीठावर आम्ही मंडळाचा हिशेब वाचायला उभे राहतो. यंदा वेगळा हिशेब आहे. गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरी कोणी सोमवार धरले, कोणी शनिवार. आम्ही आणि आमच्या आठवीतल्या लेकीने एक निराळाच नेम धरला. महिनाभर रोज एक पान चित्रकथा काढायची. चार चौकटी, आणि बोलणे मराठीत.

कल्पना लेकीची. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली हात सुधारावा म्हणून ऑक्टोबरभर रोज एक शाईचे चित्र काढायचे ठरवले. त्याचा ‘इंकटोबर’ आता जगभर चालतो. आम्हाला मात्र आठवला तो ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू केला. रोज नवा विनोद, रोज नवे चित्र! आपल्याला एक महिना जमू नये?

पहिल्या आठवड्यातच घाम फुटला. आमचा डिप्लोमा सिव्हिलचा. इमारती अगदी ओळंब्यात उभ्या राहिल्या, पण त्यांच्या शेजारची माणसे विजेच्या खांबासारखी दिसू लागली. लेकीचे उलटे. चित्र झकास, पण मराठी लिहिताना गुजरातीच्या सवयीने अक्षरांवरची रेघच विसरायची. ऑफिस, ट्रॅफिक, शाळेतला कंटाळा हे सगळे विषय आठ दिवसांत संपले. दोन दिवस तर पान कोरेच राहिले.

मग राखीपौर्णिमा आली. आई सहज म्हणाली, “पूर आला तोही राखीच्याच तोंडावर.” २००६ चा तापीचा पूर आपल्यापैकी कोण विसरेल? आमच्या तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हा धान्य माळ्यावर चढवले, फोटोंची पेटी खालीच राहिली. आईवडिलांच्या लग्नाचा फोटो त्यातच गेला. वडील आता नाहीत. लेकीने आजोबांना पाहिलेलेच नाही.

त्या दिवशी तिने पेन्सिल आजीपुढे धरली. “आजी, आजोबा कसे दिसायचे ते सांग, मी काढते.” तिसऱ्या प्रयत्नाला आई म्हणाली, “मिशी बारीक कर. आणि डोकं थोडं खाली. लूमवर उभं राहून मान तशीच झाली होती.” ही गोष्ट आम्हालाही माहीत नव्हती.

तिथून पुढे विषय शोधावा लागला नाही. खानदेशातून एक वळकटी घेऊन आलेले वडील, एका खोलीत झोपणारी नऊ माणसे, पुरात शेजारच्या गुजराती काकींनी वरच्या मजल्यावरून दोरीने सोडलेला डबा, असे सगळे चौकटीत येत गेले. एकदा लेकीने विचारले, “आजी बोलते तसं लिहू, की शुद्ध करून?” आम्ही म्हटले, बोलण्याच्या फुग्यात माणूस बोलतो तसेच यायला हवे. आमच्या घरात अहिराणी पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली, पण कागदावर ती पहिल्यांदा उतरली, तीही सुरतेत जन्मलेल्या मुलीच्या हातून.

शेवटचे पान पोळ्याला झाले. त्यात आईच्या माहेरची बैलजोडी आहे. बैल जरा म्हशीसारखे दिसतात, पण आईने त्यांना नावानिशी ओळखले! कोरी दोन पाने तशीच वहीत ठेवली आहेत. हिशेब चोख असावा.

मंडळी, आम्ही काही चित्रकार झालो नाही. पण पुरात गेलेला आल्बम, मोडक्यातोडक्या रेघांत का होईना, घरात परत आला. आपल्यापैकी प्रत्येक घरात असे सांगणारे कोणीतरी आहे. त्यांच्याजवळ बसायला चित्रकला यायलाच हवी असे नाही. चार चौकटी आखा, एक प्रश्न विचारा. मात्र उशीर करू नका.

गणपती बाप्पा मोरया!