नव्या जीवाचे स्वागत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे तीन पिढ्यांचा मेळावा असतो. ज्यांनी पाया घातला ती वडीलधारी मंडळी पुढच्या रांगेत बसलेली असतात, ज्यांनी कार्य वाढविले ती व्यवस्थेत धावपळ करीत असतात आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ती मुले मंडपात बागडत असतात. मंडपातील सर्वांत लहान बालक हेच अशा समारंभाचे खरे प्रमुख अतिथी होय. आजच्या व्याख्यानाचा विषय तेच बालक आहे. काळ चिंतेचा असताना घरात नवा जीव येतो, तेव्हा तो काय घेऊन येतो आणि घराकडून कोणती अपेक्षा करतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

चिंतेचा काळ नाशिकला नवा नाही. १८९७ च्या सुमारास प्लेगने या भागात घरेच्या घरे ओस पाडली. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, या वर्षीचा छप्पन्नियाचा दुष्काळ राजस्थान-गुजरातने भोगला. त्या काळात गाव सोडून दक्षिणेकडे निघालेल्या पूर्वजांच्या आठवणी समाजातील अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ आली. आणि अगदी अलीकडे २०२० व २०२१ ही दोन वर्षे आली. ६ एप्रिल २०२० रोजीची महावीर जयंती टाळेबंदीमुळे घराघरांत, मिरवणुकीविना साजरी झाली. पुढच्या वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्णांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर चारच दिवसांनी भगवंतांचे जन्मकल्याणक होते. शहर शोकात होते, घराघरांत भीती होती. आणि त्याच दिवसांत याच शहरातील प्रसूतिगृहांत बालके जन्मही घेत होती. आजीला नातवंडाचे मुख काचेआडून किंवा मोबाईलच्या पडद्यावर पाहावे लागले, तरी त्या घरात कित्येक दिवसांनी कोणीतरी हसले.

जैन परंपरेला हा अनुभव फार जुना आहे. सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांच्या जन्माची कथा सर्वश्रुत आहे. कुरुदेशात मारीचा उपद्रव माजला होता. हस्तिनापूरचे राजा विश्वसेन आणि राणी अचिरा चिंतेत होते. राणीच्या उदरी भगवंतांचा जीव आला आणि उपद्रव शमला. म्हणून बालकाचे नाव शांती ठेवण्यात आले. भगवान महावीरांचे जन्मनाम वर्धमान. त्यांच्या आगमनापासून सिद्धार्थ राजाच्या राज्यात धनधान्याची आणि सौख्याची वृद्धी होत गेली, म्हणून हे नाव. माता त्रिशलेला पडलेली स्वप्ने श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा मानली जातात. संख्येत भेद असला तरी येणाऱ्या जीवाची मंगल चाहूल माता आधीच घेते, हा भाव दोन्हीकडे एकच आहे.

पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन होते, त्यातील एक प्रसंग या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत, या भावनेने गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. परंतु हालचाल थांबताच मातेचा जीव कासावीस झाला. गर्भाचे काही बरेवाईट तर झाले नाही ना, या शंकेने राजवाड्यातील गीत-वाद्ये थांबली. हे जाणून भगवंतांनी आपले अंग किंचित हलविले, आणि त्या एका स्पंदनाने सारा राजवाडा पुन्हा आनंदला. मातेचे हे प्रेम पाहून, आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यावयाची नाही, असा संकल्प त्यांनी गर्भातच केला.

या प्रसंगात धीर देणारी गोष्ट किती लहान आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे चमत्कार नाही, केवळ एक स्पंदन आहे. मातेला तेवढे पुरते. चिंतेने ग्रासलेल्या घराला भविष्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. आपल्यानंतरही जीवन चालणार आहे, एवढी खूण मात्र नवे बालक देते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘पायगुण’ हा शब्द फार सहज वापरला जातो. बाळ जन्मले आणि दुकानाचा जम बसला, की बाळाचा पायगुण चांगला. पण त्याच घरात आजोबा आजारी पडले किंवा व्यापारात खोट आली, तर तोच शब्द उलटतो. नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणारी जीभ आणि नवजात मुलीला अपशकुनी ठरविणारी जीभ एकच असते. महामारीच्या वर्षांत ज्या घरांत जन्म आणि मृत्यू पाठोपाठ आले, त्या घरांपुढे हा प्रश्न खरोखर उभा राहिला.

जैन कर्मसिद्धांत याबाबत स्पष्ट आहे. प्रत्येक जीव आपापल्या कर्माचे फळ भोगतो. आजोबांच्या आयुष्याची दोरी नातवाच्या हाती नाही आणि दुकानाचा तोटा सुनेच्या पावलांत नाही. तीर्थंकरांच्या जन्मकथा त्यांच्या अलौकिक पुण्याच्या कथा आहेत. त्या मापाने घरातल्या तान्ह्या बाळाला मोजणे हा त्याच्यावर अन्याय होय. मग सामान्य घरातील बाळ आशा आणते ती कशी? तत्त्वार्थसूत्राने जीवांच्या परस्पर उपकाराचा जो सिद्धांत मांडला, त्यात याचे उत्तर आहे. बाळ स्वतः काही करीत नाही, परंतु ते असाहाय्य असल्यामुळे भोवतालच्या माणसांना करावयास लावते. खचलेला पिता त्याच्या दुधासाठी उठतो. अबोला धरलेल्या जावा एका पाळण्यापाशी येतात. आशा जन्मते ती या करण्यातून.

याचे एक उदाहरण नाशिकच्याच वाटेवर घडले. मे २०२० मध्ये काम थांबल्यामुळे श्रमिकांचा एक गट नाशिकहून मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्याकडे पायी निघाला. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. गटात सोळा माणसे होती आणि त्यांत नववा महिना भरलेली एक स्त्री होती. साधारण सत्तर किलोमीटर चालून झाल्यावर, ५ मे रोजी, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला ती प्रसूत झाली. सत्तर किलोमीटर म्हणजे नाशिकहून चांदवडपर्यंतचे अंतर, किंबहुना थोडे अधिकच. वैशाखाचे ऊन, ना दवाखाना, ना सुईण. बरोबरच्या चार स्त्रियांनी तिचे बाळंतपण केले. दोन तासांच्या विश्रांतीनंतर ती माता बाळाला घेऊन पुन्हा चालू लागली आणि सुमारे दीडशे किलोमीटर चालून राज्याच्या सीमेवरील बिजासन नाक्यावर पोहोचली. वाटेत धुळ्याला एका शीख कुटुंबाने बाळासाठी कपडे व आवश्यक वस्तू दिल्या. नाक्यावरील पोलिसांनी त्या सर्वांना अन्न दिले, अनवाणी मुलांच्या पायांत पादत्राणे घातली आणि पुढे त्यांच्या घरी जाण्याची व्यवस्था झाली.

या घटनेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. नऊ महिने भरलेल्या स्त्रीला नाशिकहून पायी निघावे लागले, ही समाजाला शोभणारी गोष्ट नव्हती. छप्पन्नियाच्या दुष्काळात पायी निघालेल्यांच्या वंशजांना तर तिचे दुःख अधिक कळावयास हवे. त्या चार स्त्रिया आणि ते धुळ्याचे कुटुंब यांच्यापाशी पैसा किती होता हे कोणी विचारले नाही. वेळेवर पुढे झालेला हात हीच त्यांची अनुकंपा होती.

कुटुंबात नवा जीव केवळ जन्मानेच येतो असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. ती मुले कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हा प्रश्न तेथे नव्हता. २०२१ मध्ये महामारीने मुले अनाथ केली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने दोन्ही पालक गमावलेल्या बालकाच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. त्याच दिवसांत ‘अनाथ बाळ दत्तक द्यावयाचे आहे’ असे संदेश मोबाईलवर फिरत होते. दत्तक घेण्याचा मार्ग कायद्याने आखून दिलेला आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी, सामाजिक तपासणी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, या वाटेनेच बालक सुरक्षितपणे घरी येते. असे बालक घरी आले, तर त्याच्याही पाळण्याची दोरी ओढण्यास संघाने जावे.

समाजाने स्वतःचा हिशेबही पाहिला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५० हजार आणि त्यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात. साक्षरतेत हा समाज देशात अग्रभागी. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८७० आणि २०११ मध्ये ८८९, म्हणजे देशाच्या सरासरीहून कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.६ इतकेच आढळले. किती मुले असावीत हा ज्या त्या दांपत्याचा प्रश्न आहे, त्यात कोणी हस्तक्षेप करू नये. परंतु मुंगीलाही जपणाऱ्या समाजात मुलीची संख्या कमी का भरते, हा प्रश्न मात्र साऱ्या संघाचा आहे. जिच्या येण्यावरच बंदी घातली, तिच्याकडून आशा कोठून मिळणार?

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही साधे संकल्प सुचवावेसे वाटतात. मुलगा असो वा मुलगी, संघातील प्रत्येक नवजात बालकाच्या घरी विश्वस्तांपैकी कोणीतरी जाऊन शुभेच्छा द्याव्यात. एकट्या राहणाऱ्या तरुण मातेला महिला मंडळाने पहिले चाळीस दिवस डब्याचा व सोबतीचा आधार द्यावा. बांधकामावर, शेतात राबणाऱ्या गरोदर श्रमिक स्त्रियांसाठी औषध व आहाराचा एक कायमचा निधी असावा, म्हणजे या शहरातून पुन्हा कोणा मातेला अशा अवस्थेत पायी निघावे लागणार नाही. आणि ‘पायगुण’ हा शब्द आपापल्या घरातून कायमचा निरोप देऊन घालवावा.

पन्नास वर्षांपूर्वी संस्थेचे रोप लावणाऱ्यांनाही पुढचा काळ ठाऊक नव्हता. तरी त्यांनी ते लावले, कारण त्यांच्या घरांत लहान मुले होती. आज मंडपात बागडणारी बालके संस्थेच्या शताब्दीला पुढच्या रांगेत बसतील. त्यांना हा समाज अधिक निर्भय आणि अधिक करुणामय झालेला दिसावा, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.