शेवग्याचा पाला



मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जातांना वाटेंत लासूर स्टेशन लागतें. गंगापूर तालुक्याचा हा मुलूख पावसाच्या भरंवशावर जगणारा. चैत्र-वैशाखांत विहिरींनीं तळ गांठला कीं मेथी-पालक दुर्मिळ होतात. बांधावरचा किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला शेवगा मात्र शेंगांनीं लगडलेला असतो. त्या शेंगा आमटींत जातात आणि पाला शेळीपुढें पडतो. माझी तक्रार या पाल्यापुरतीच आहे.

शेंगेची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. चिंचगुळाच्या आमटींतील शेंग दातांनीं ओढून खाण्याचें सुख काट्याचमच्यांच्या पंगतींत उमगावयाचें नाहीं! परंतु पोषणाच्या दृष्टीनें खरें धन पानांत आहे. त्यांत प्रथिनें, कॅल्शियम व लोह आहेतच. शिवाय ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतें, तें द्रव्यही विपुल आहे. या जीवनसत्त्वाच्या अभावीं मुलांना रातांधळेपणा येतो आणि हयगय झाल्यास दृष्टीही गमवावी लागते. हें द्रव्य तेलातुपाच्या सोबतीनें अंगीं लागतें. म्हणून भाजीस तेलाची फोडणी हवीच.

कोंकणांत हें कोणास सांगावें लागत नाहीं. मालवणाकडे या पाल्याची 'शेगलाची भाजी' गोकुळाष्टमीस हटकून होते. कोंवळीं पानें देठांवरून ओरपून घ्यावीं, धुवावीं आणि कांदा, मिरची व भिजविलेल्या मुगडाळीबरोबर वाफवावीं. वर ओलें खोबरें घालतात. लासूरकडे शेंगदाण्याचा कूट चालेल. वर लिंबू पिळल्यास पानांतील लोह शरीरास अधिक मिळतें. उरलेला पाला सावलींत वाळवून पूड करावी व भाकरीच्या पिठांत चमचा-दोन चमचे मिसळावी. मूळ मात्र खाऊं नये. इंग्रजांनीं त्याची तिखट चव वाखाणली असली, तरी त्याच्या सालींत विषारी द्रव्यें आहेत.

दारीं शेवगा असूं नये, असा एक समज आहे. त्यांत तथ्य एवढेंच कीं लांकूड अत्यंत ठिसूळ; वाऱ्यानें फांदी मोडते आणि वर चढलेलें पोर खालीं येतें. त्याला उपाय छाटणीचा. शेंगांचा हंगाम संपतांच झाड कंबरेइतकें छाटावें, म्हणजे नवा पालाही हाताशीं येतो. मृगाचा पाऊस पडला कीं मनगटाएवढी जाड फांदी परसांत रोवावी. शेंगांसाठीं वाट पाहावी लागेल. पाला मात्र त्याच पावसाळ्यांत खुडतां येतो.