काठावरचा मतदार कुणाला मत देतो?

(शहागंज येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की ‘इंडिपेंडंट’ मतदारांची चर्चा सुरू होते. कुठल्याच पक्षाला न बांधलेला असा मतदार आपल्या शहरातही आहे. आपण त्याला काठावरचा म्हणतो.

२०१९ची लोकसभा आठवा. इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरे यांना ४,४९२ मतांनी हरवलं. वंचित बहुजन आघाडी सोबत होती आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २ लाख ८३ हजारांवर मतं घेतली होती. विजय आपला वाटला, पण त्यात विरोधातली मतं फुटल्याचा मोठा वाटा होता. २०२४मध्ये वंचितने स्वतंत्र उमेदवार दिला. संदिपान भुमरे सुमारे १ लाख ३४ हजारांनी जिंकले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद पूर्वमध्ये काय झालं? अतुल सावे जलील यांच्यापुढे फक्त २,१६१ मतांनी राहिले. म्हणजे १,०८१ माणसांनी मत फिरवलं असतं, तर निकाल फिरला असता. इतकी माणसं आपल्या दोन-तीन गल्ल्यांत राहतात.

कोणत्याही उमेदवाराला ही माणसं कशी मिळतात? परवा इथल्याच एका फळवाल्या चाचांना विचारलं, मत कुणाला देता? म्हणाले, “बेटा, जो बाद में भी फोन उठाएगा, उसको.” काठावरचा मतदार हेच पाहतो. जायकवाडी इतकं जवळ असून नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, तेव्हा हा माणूस कुठे होता? आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या वस्तीत तो कधी गेला का? तिथे एक आणि इथे दुसरंच बोलला का?

ही ओळख प्रचाराच्या पंधरा दिवसांत होत नाही. त्याआधीची पाच वर्षं लागतात.

आणखी एक. “आपल्याला बाहेरचं कुणी मत देतच नाही” असं आपण सहज म्हणतो. पूर्वग्रह आहेत, नाकारत नाही. पण आपण तरी दुसऱ्या समाजाच्या चांगल्या उमेदवाराचं काम पाहून मत देतो का? आपलं मत गृहीत धरलं गेलं, तर आपल्या पाण्यासाठी कुणी धावणार नाही.

म्हणून यादीत नाव तपासा, प्रश्न लिहून काढा आणि प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारा. आपल्या माणसालाही.