खेड्यातली मास्तरीण : गाब्रिएला मिस्त्राल



खेड्यातल्या शाळेतून काय निपजणार, असे आपण सहज बोलून जातो. कधी पालक बोलतात, कधी आपण शिक्षकच बोलतो. आज मी तुम्हाला अशाच एका खेड्यातल्या मास्तरीणबाईंची गोष्ट सांगणार आहे. देश फार लांबचा, दक्षिण अमेरिकेतला चिली. पण ऐकता ऐकता आपलाच गाव डोळ्यांपुढे आला, तर नवल वाटू देऊ नका.

चिली म्हणजे एका अंगाला आंदीज पर्वत, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक महासागर आणि मधली चिंचोळी पट्टी. या देशाच्या उत्तर भागात एल्की नावाचे डोंगरांनी वेढलेले खोरे आहे. तिथल्या विकुन्या गावी ७ एप्रिल १८८९ रोजी लुसिला गोदोय नावाची मुलगी जन्मली. मुलगी तीन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. जवळच्या मोन्तेग्रांदे या खेड्यात तिची थोरली सावत्र बहीण एमेलिना शिक्षिका होती. तिच्याच पगारावर घर चालले, आणि लुसिलाची अक्षरओळखही तिच्याच हाताखाली झाली.

पुढे लुसिला विकुन्याच्या शाळेत गेली. शाळेचे कागद मुलींना वाटून देण्याचे काम तिच्याकडे होते. कागद कमी भरले आणि चोरीचा आळ तिच्यावर आला. मुलगी मुखदुर्बळ, तिला आपली बाजू मांडता आली नाही. शाळा सुटल्यावर बरोबरीच्या मुलींनी तिला दगड मारले. ही जखम ती जन्मभर विसरली नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एखाद्या पोराला 'चोर' किंवा 'मठ्ठ' म्हणायला आपल्याला क्षणभरही लागत नाही. ते पोर मात्र तो शब्द किती वर्षे वागवते, याचा विचार आपण करतो का?

शाळा हातची गेली, पण मुलीने पुस्तके सोडली नाहीत. १९०४ साली, पंधराव्या वर्षी, ती एका खेड्यातल्या शाळेत मदतनीस म्हणून लागली. शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घ्यावे म्हणून तिने ला सेरेना येथील अध्यापिका विद्यालयाचे दार ठोठावले. तिचे वर्तमानपत्रातले लेखन तिथल्या कोणाला धर्माविरुद्ध वाटले, आणि तिला प्रवेश मिळाला नाही. तेव्हा घरीच अभ्यास करून १९१० साली तिने राजधानी सान्तियागोत परीक्षा दिली आणि शिक्षिकेचा दाखला मिळवला.

त्यानंतर बदल्या सुरू झाल्या. गाब्रिएला मिस्त्राल हे टोपणनाव घेऊन बाई कविता लिहीत होत्या; १९१४ साली एका काव्यस्पर्धेत त्यांना मोठे पारितोषिक मिळाले. पण पोटाचा धंदा शाळेचाच. १९१८ साली देशाच्या पार दक्षिण टोकाला, पुंता आरेनास येथे, त्या मुलींच्या विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. १९२० साली तेमुकोला आल्या. तिथे एक पंधरा-सोळा वर्षांचा, कविता करणारा मुलगा त्यांच्याकडे येई. बाईंनी त्याला रशियन कादंबऱ्या वाचायला दिल्या. हा मुलगा म्हणजे पुढे १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कवी पाब्लो नेरुदा! बाईंनी केले काय? पोराच्या हातात योग्य वेळी योग्य पुस्तक दिले, एवढेच.

१९२२ साली मेक्सिकोचे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले. खेड्यापाड्यांत शाळा आणि वाचनालये पोचवण्याच्या कामात बाईंनी तिथे दोन वर्षे घालवली. त्याच साली त्यांचा 'देसोलासिऑन' हा पहिला काव्यसंग्रह निघाला. आपल्याला आनंद वाटावा असे त्यात एक आहे : रवींद्रनाथ टागोरांच्या कवितांवरचे बाईंचे चिंतन. पूर्वेकडच्या कवीचा शब्द आंदीजच्या डोंगरांपर्यंत पोचला होता तो असा. साहित्याचे नोबेल मिळवणारे पहिले आशियाई टागोर, १९१३ साली. आणि पहिल्या लॅटिन अमेरिकन या गाब्रिएलाबाई, १९४५ साली.

मान मिळाला म्हणून बाई मुलांना विसरल्या नाहीत. १९३८ सालच्या 'ताला' या संग्रहाचे उत्पन्न त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना दिले. १० जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कजवळ त्या वारल्या. दक्षिण अमेरिकेत खपणाऱ्या आपल्या पुस्तकांचे उत्पन्न मोन्तेग्रांदेच्या मुलांना मिळावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्यांची समाधीही त्याच खेड्यात आहे.

मंडळी, सगळीच मुले कवी होत नाहीत, आणि व्हायलाही नकोत. पण उद्या सकाळी शाळेची घंटा होईल, तेव्हा मागच्या रांगेत खाली मान घालून बसलेल्या मुलीकडे एकवार नीट पाहा. तिला चार शब्द विचारा. कपाटात कुलपाआड ठेवलेले एखादे पुस्तक काढून तिच्या हाती द्या. एवढे करायला ना सरकारी हुकूम लागतो, ना पैसा.